हात लागला म्हणून आई पिल्लाला टाकत नाही

उसाचा हंगाम आला की करवीर, पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरीकडच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरू लागतो. मजकूर थोडक्यात असा: 'उसात बिबट्याची किंवा दुसऱ्या जंगली जनावराची पिल्लं एकटी दिसली तर ती आईनं टाकलेली असतात. माणसाचा हात लागला की आई त्यांना परत घेत नाही. म्हणून लगेच उचला, गाईचं दूध पाजा आणि लांब दाजीपूरच्या जंगलात नेऊन सोडा, नाहीतर आई चवताळून वस्तीवर येईल.' पाठवणाऱ्याच्या मनात दयाच असते, यात शंका नाही. पण यातला एकही सल्ला पिल्लाच्या भल्याचा नाही.

'एकटी दिसली म्हणजे टाकलेली'

बिबट्याची मादी पिल्लं एकटीच वाढवते, नर मदतीला नसतो. दूध उतरायचं तर तिला खायला हवं आणि खायचं तर शिकारीला जायलाच हवं. पिल्लांना ती दाट उसात, सरीतल्या पाचटावर ठेवून निघते. कधी काही तासांत परतते, कधी अख्खा दिवस उलटून जातो. जन्मताना पिल्लू जेमतेम अर्ध्या किलोचं असतं, डोळे मिटलेले. ते आठवडा-दहा दिवसांनी उघडतात. पहिला दीड महिना आईमागं चालायचं बळ पायांत नसतं. गप्प पडून राहायचं, एवढंच त्यांना येतं आणि तेवढंच त्यांना वाचवतं.

तोड चालू असताना तर आई तिथं दिसणारच नाही. भल्या पहाटे टोळी फडात शिरलेली, कोयत्यांचा आवाज, ट्रॅक्टरची घरघर, मोळ्या वाहणारी माणसं. ती शेजारच्या उभ्या उसात किंवा ओढ्याकाठच्या झाडीत दबून अंधाराची वाट बघत असते.

सशाची आई तर पिल्लांपाशी थांबतच नाही. पिल्लं अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात आणि गवतात दबून बसतात. ती दिवसातून एखाद वेळा, बहुतेक दिवस मावळल्यावर, काही मिनिटं पाजून निघून जाते. ती तिथंच बसून राहिली तर तिच्या वासावर कोल्हा यायचा. बांधावर दबलेलं पिल्लू 'अनाथ' म्हणून घरी आणलं की संध्याकाळी आई येते आणि जागा रिकामी असते.

चितळाच्या पाडसाचंही असंच. व्यायल्यावर आई त्याला चाटून कोरडं करते, वार खाऊन टाकते, पुढेही त्याची घाण चाटत राहते, म्हणजे वास मागे राहत नाही. मग त्याला झाडोऱ्यात बसवून स्वतः चरायला जाते.

गव्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात गवे अभयारण्यापुरते राहिलेले नाहीत. मादी कळपापासून बाजूला होऊन विते. वासरू बहुतेक एकच, आणि रंगानं सोनेरी-तांबूस. काळाकभिन्न गवा डोळ्यांसमोर असलेल्या माणसाला ते कुणाच्या तरी गाईचं चुकलेलं वासरू वाटतं, आणि इथंच घात होतो. सहा-सातशे किलोची आई हाकेच्या अंतरावर असते. असं वासरू दिसलं तर जवळ न जाता आल्या वाटेनं मागे फिरावं.

'हात लागला की आई घेत नाही'

मेसेजमधलं हे वाक्य सगळ्यात जास्त नुकसान करतं, कारण ते खरं मानलं की पिल्लू परत ठेवायचा प्रयत्नच कुणी करत नाही.

सस्तन प्राण्यांची आई पिल्लाला वासानं ओळखते, हे बरोबर आहे. पण तिच्या जिभेनं, दुधानं, एका जागी कुशीत झोपण्यानं बसलेला तो वास माणसानं दोन मिनिटं हातात धरल्यानं पुसला जात नाही. वर माणसाचा थोडा वास चढतो, तो ती चाटून काढते. शिवाय आवाज असतो. भुकेलं पिल्लू ओरडतं आणि अंगात दूध दाटलेली आई त्या आवाजाकडे येते.

जुन्नर भागात वनखातं आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले पशुवैद्यक ऊसतोडीत सापडलेली पिल्लं आईकडे पोचवण्याचं काम कित्येक वर्षं करत आले आहेत. या पिल्लांना आधी मजुरांचे हात लागलेले असतात, मग डॉक्टरांचे. गोचिड काढतात, वजन घेतात, कातडीखाली मायक्रोचिप बसवतात. एवढं सगळं होऊनही रात्री आई येऊन त्यांना नेते, आणि ते कॅमेऱ्यात दिसतं. आधी ती उसाच्या कडेला नुसती उभी राहते. पुढे येते, पिल्लं ज्यात ठेवलेली असतात तो क्रेट हुंगते, मागे फिरते, पुन्हा येते. मग पिल्लाची मान अलगद दातांत धरते. मान धरली गेली की पिल्लू पाय पोटाशी घेतं, अंग सैल सोडतं आणि ओरडायचं थांबतं. ती अंधारात जाते आणि दुसऱ्यासाठी परत येते. दोन फेऱ्यांत बराच वेळ जाऊ शकतो. म्हणून मध्यरात्री एकच पिल्लू उरलेलं दिसलं तर 'हे नाकारलं' म्हणून ते उचलायला धावू नये.

मग हा समज आला कुठून? पाळीव ससे, पिंजऱ्यातली जनावरं, पहिलटकरीण मांजर यांच्यात सतत छेडछाड झाली की आई पिल्लांना पाजत नाही, कधी मारूनही टाकते. तिथं कारण भीती असतं. तिला पळायला जागा नसते, लपवायला दुसरी जागा नसते. रानातल्या आईकडे दोन्ही असतं, ती पिल्लू उचलून जागा बदलते. घाबरवलं तर रानातलीही आई लांब राहते. तिला अडवतो तो बघ्यांचा घोळका, टॉर्च, फटाके, मोकाट कुत्री. हे सगळं रात्रभर चालू राहिलं तर ती येत नाही, आणि सकाळी लोक म्हणतात, बघा, हात लागला म्हणून टाकली.

उघड्या हातानं पिल्लू धरू नये, हे मात्र खरं, पण त्याचं कारण रेबीज आहे. रानमांजर, कोल्हा, उदमांजर, कुणाचंही पिल्लू चावलं किंवा ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. (पक्ष्यांनाही हा हात लागण्याचा नियम लावला जातो. खाली पडलेलं पिल्लू घरट्यात ठेवलं तरी आई-बाप त्याला भरवतात.)

'गाईचं दूध पाजा'

पाजू नका. मांजरकुळातल्या आईच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश गाईच्या दुधापेक्षा बरेच जास्त असतात आणि दुग्धशर्करा कमी. गाईच्या दुधानं पिल्लाला जुलाब लागतात, आणि अर्ध्या किलोच्या जिवाला एका दिवसाचे जुलाबही झेपत नाहीत.

त्याहून मोठा धोका पाजण्याच्या पद्धतीत आहे. माणूस पिल्लाला बाळासारखं उताणं धरतो आणि ड्रॉपरनं किंवा बाटलीनं दूध तोंडात सोडतो. ते श्वासनलिकेत जातं, नाकातून फेस येतो, फुप्फुसाला सूज येते आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू जातं. गार पडलेल्या पिल्लाला पाजणं तर आणखी वाईट. अंग थंड असताना आतडं काम करत नाही, दूध पोटात तसंच राहून नासतं. आणि डोळे न उघडलेल्या पिल्लाला स्वतःहून लघवी-शीही होत नाही. आई चाटते तेव्हा होते. हे माहीत नसलेल्या घरात पोट फुगलेलं पिल्लू 'पोटभर प्यायलं' असं समजलं जातं.

'लांब जंगलात सोडा, नाहीतर आई चवताळेल'

डोळेही धड न उघडलेलं पिल्लू दाजीपूरच्या जंगलात सोडणं म्हणजे त्याला मारणं. दाजीपूर ज्यात येतं त्या राधानगरी अभयारण्याला १९५८ पासून संरक्षण आहे, जंगल उत्तम आहे, पण या पिल्लाची आई तिथं नाही. ती त्याच शिवारात त्याला शोधत फिरते. पिल्लं तिथून हलवल्यानं आई शांत होते हा अंदाज अगदी उलटा आहे. ती अस्वस्थ होते, रात्री अपरात्री वस्तीजवळ फिरते. मोठी जनावरं हलवण्याचा अनुभवही काही वेगळा नाही. जुन्नर भागात पकडलेले बिबटे दूरच्या जंगलांत सोडायला लागल्यावर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते ते २००१ ते २००३ या काळात १७ वर गेले.

कायद्याचंही लक्षात असू द्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दात जनावर पकडणंही येतं. पिल्लू घरी नेऊन ठेवणारा मदत करायला गेलेला असतो, तरी तो या कलमात सापडू शकतो.

मग पिल्लं दिसल्यावर नेमकं काय करायचं

पहिलं काम म्हणजे तोड थांबवणं, निदान त्या पट्ट्यात. पिल्लं सापडलेल्या सरीच्या टोकाला उसाला एक फडकं बांधा, कारण तासाभरात सगळा फड सपाट झाला की नेमकी जागा कुणालाच सांगता येत नाही. माणसं लांब न्या, मुकादमाला सांगून कुत्री बांधा, आणि १९२६ या वनखात्याच्या हेल्पलाइनवर फोन करा. पिल्लं घेऊन ऑफिसात जाऊ नका, वनरक्षकाला फडात बोलवा. त्याला शेताची खूण, पिल्लं किती, डोळे उघडे की मिटलेले, एवढं सांगा.

ती बिबट्याचीच असतील असंही नाही. बऱ्याचदा ती रानमांजराची निघतात. रानमांजराच्या पिल्लाच्या भुरकट अंगावर पुसट पट्टे असतात, कानाच्या टोकाला काळसर केस, शेपटी आखूड आणि टोकाकडे कडी. बिबट्याच्या पिल्लाचा रंग धुरकट, ठिपके एकमेकांना चिकटलेले, पंजे अंगाच्या मानानं थोराड आणि शेपटी लांब. पण ओळख पटली काय, नाही पटली काय, करायचं तेच आहे.

कोयत्याच्या टप्प्यात असल्यामुळे पिल्लं आधीच उचलली असतील, तर पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून त्यात सुती फडकं घाला आणि सावलीत ठेवा. फोटोसाठी हातोहाती फिरवू नका. डॉक्टरांनी तपासल्यावर, दिवस मावळायच्या आत, ती त्याच सरीत ठेवायची असतात. उथळ प्लास्टिकचा क्रेट त्याला बरा. कडा उंच झाल्या तर आईला मान धरून उचलता येत नाही, फारच बुटक्या झाल्या तर पिल्लं रांगत बाहेर पडतात. तळाला त्याच फडातलं पाचट घाला. दूध सांडू देऊ नका, मुंग्या लागतात. कॅमेरा खुंटीला बांधायचा तो पांढरा फ्लॅश न मारणारा, इन्फ्रारेड. माणसं दूर गाडीत, दिवे बंद करून.

इथं सगळ्यात जास्त चुकतं ते जागेत. शेतापर्यंत गाडी जात नाही म्हणून क्रेट रस्त्याच्या कडेला ठेवतात, आणि आई शंभर पावलांवर जुन्या जागी हुंगत राहते. दुसरी चूक म्हणजे आजूबाजूचा सगळा ऊस तोडून टाकणं. उघड्या रानातून ती यायला धजत नाही. पिल्लांच्या जागेपासून ओढ्यापर्यंत किंवा शेजारच्या उसापर्यंत आडोशाचा एक पट्टा उभा ठेवायचा.

पहिल्या रात्री आली नाही तर सकाळी पिल्लं सावलीत आणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली पाजतात आणि संध्याकाळी पुन्हा तिथंच ठेवतात. दोन-तीन रात्री हे करावं लागलं तरी करायचं, कारण हातावर वाढलेला बिबट्या पुन्हा रानात सोडता येत नाही. त्याची पुढची सगळी वर्षं पिंजऱ्यातच जातात.

खरोखर अनाथ पिल्लाच्या खुणा वेगळ्या: जवळच रस्त्यावर मेलेली मादी, अंगावर माश्यांची अंडी किंवा अळ्या, कुत्र्याच्या चाव्याची जखम, हाताला गार आणि लुळं अंग. अशा वेळी आधी ऊब द्यायची. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवा, म्हणजे पिल्लाला नको वाटलं तर सरकता येतं. बाकीचं पशुवैद्यकावर सोडा.

शेतमालकाची अडचणही खरी आहे. कारखान्याची तोड ठरलेली असते, टोळी थांबली की खर्च वाढतो, तोडलेला ऊस वाळतो. पण थांबायचं असतं ते चार-सहा सऱ्यांसाठी आणि बहुधा एक-दोन रात्रींसाठी. तेवढ्यात टोळीनं फडाचं दुसरं टोक धरावं. तोडीआधी ऊस पेटवायचा बेत असेल तर तो मात्र सोडायलाच हवा. पाचटात दबलेली पिल्लं धुरानं पळत नाहीत, आणखी घट्ट दबतात. सकाळी कॅमेरा बघून क्रेट रिकामा झाल्याचं वनरक्षकानं सांगितलं की फडकं सोडावं आणि राहिलेला पट्टा तोडावा.