भंगार नाही तो

आज दुपारी टिळक रोडवरच्या एका दुकानात माझा थिंकपॅड टी ४२० लॅपटॉप घेऊन गेले. डावा हिंज, म्हणजे झाकणाची बिजागरी, ढिला झालाय, बस. काउंटरवरच्या मुलाने झाकणसुद्धा न उघडता सांगितलं, "मॅडम, भंगारात द्या." तशीच बाहेर पडले. रिक्षात बसले तरी हात थरथरत होते.

हा लॅपटॉप बाबांचा. जन्मभर बँकेत टाइपरायटर बडवलेला माणूस. २०१५ ला सेकंडहँड घेताना त्यांनी आधी कीबोर्ड बडवून पाहिला, भाव नंतर विचारला.

त्याच पावसाळ्यात त्यावर कपभर चहा सांडला. आल्याचा, भरपूर साखरेचा. आई किंचाळली. बाबांनी मुकाट्याने बॅटरी काढली आणि आम्ही बघत राहिलो, चहा तळाच्या भोकांतून टेबलावर ठिबकत होता. भोकं त्याचसाठी ठेवलेली असतात हो! दुसऱ्या दिवशी मी कंपनीचं मॅन्युअल उघडलं, कुठला स्क्रू कुठे ते चित्रांसकट, फुकट. कीबोर्ड उचलला, पुसला. चालू! फक्त 'ए' आठवडाभर चिकटत होता.

आम्हा थिंकपॅडवाल्यांना लोक वेडे म्हणतात. म्हणा. १९९२ ला आयबीएमने आणला, डिझायनर रिचर्ड सॅपरने जपानी जेवणाच्या डब्यावरून तो काळा चौकोन घडवला, २००५ ला लेनोवोकडे गेला, तरी माणसं त्याला धरून राहिली. २०१२ ला सात ओळींचा कीबोर्ड काढून टाकला तेव्हा जगभरातून इतकी ओरड झाली की २०१७ च्या पंचविशीच्या मॉडेलला तो परत द्यावा लागला. चीनमधल्या हौशी मंडळींनी तर जुन्या सांगाड्यात नवे मदरबोर्ड बसवले. ह्याला आंधळी भक्ती म्हणायचं? ही माणसं वस्तू उघडून बघतात, दुरुस्त करतात!

जड आहे, स्क्रीन फिकी आहे, मान्य.

पण आपण कल्हई लावून घेणारी, कुकरची रिंग बदलणारी, छत्रीची काडी बसवून आणणारी माणसं ना? एका हिंजसाठी अख्खं यंत्र फेकायचं? कोणी शिकवलं हे आपल्याला? संताप येतो नुसता.

घरी आल्यावर मीच उघडला. कीबोर्डखाली एका कोपऱ्यात त्या चहाचा तपकिरी डाग अजून आहे. पुसायला फडकं घेतलं होतं, ठेवून दिलं. बाबांना जाऊन मार्चमध्ये तीन वर्षं झाली.

उद्या तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, चक्कर मारणार आहे. कुणाकडे बंद पडलेला टी ४२० असेल तर कळवा. डावा हिंज हवाय.