बॅगेला १८ क्विंटल म्हणे! मोजलं कोणी आणि कसं?

सोयाबीनची सोंगणी, म्हणजे काढणी, सुरू झाली की आमच्याकडच्या शेतकरी ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात, एक परतीच्या पावसाचा अंदाज आणि दुसरा हा मेसेज. यंदा तर मला तो सहा ग्रुपवर आला. सोबत रील, कमरेएवढं सोयाबीन, एक भाऊ झाड उपटतो आणि शेंगा मोजत बसतो. मेसेज थोडक्यात असा: नवीन संशोधित वाण, बॅगेला १८ क्विंटल, एका झाडाला २०० शेंगा, कंपनीच्या प्लॉटवर सगळ्यांसमोर वजन केलं, विद्यापीठाच्या चाचण्या कागदावरच्या, अमेरिकेत असंच बियाणं वापरून एकरी ५६ क्विंटल काढतात, पुढच्या वर्षी दुसरं काही पेरू नका. वाणाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाव दर दोन वर्षांनी बदलतं, मेसेज तोच असतो.

"बॅगेला १८ क्विंटल." हे कदाचित खरंही असेल, तीच तर गंमत आहे. पूर्वी बियाण्याची बॅग ३० किलोची, एक बॅग म्हणजे एक एकर, हिशेब सोपा. आता ३० ची येते, २५ ची येते, २० ची पण येते, आणि टोकण केली (एकेक दाणा हातानं लावला) किंवा बीबीएफवर, म्हणजे रुंद वरंब्यावर पेरलं तर बियाणं कमी लागतं, एकच बॅग दीड एकरावर सहज जाते. मग बॅगेला १८ म्हणजे एकरी १२. १२ ही झडती, म्हणजे उतारा, चांगलीच आहे हो, कोण नाही म्हणतं, राज्याची सरासरी एकरी पाच क्विंटलच्या आसपास फिरते. पण १२ चे १८ फक्त 'बॅग' शब्दानं झाले. त्यामुळे कोणी आकडा सांगितला की पहिले विचारा, बॅगेला का एकराला, आणि एकर सातबाऱ्यावरचा का मोजलेला.

"एका झाडाला २०० शेंगा." इथं जरा कॅल्क्युलेटर काढा. ४५ बाय ५ सेंटिमीटरवर पेरलं तर एकरात साधारण १ लाख ८० हजार झाडं बसतात. झाडाला २०० शेंगा, शेंगेत सरासरी अडीच दाणे, १०० दाण्यांचं वजन १२ ग्रॅम धरू. एका झाडाचे झाले ६० ग्रॅम, आणि एकराचे १०८ क्विंटल! १०८! रील बनवणाऱ्यानं पण एवढं म्हटलेलं नाही. उलटा हिशेब करा, एकरी १० क्विंटल यायला तेवढ्याच झाडांवर झाडामागं जेमतेम १८-१९ शेंगा पुरतात, झाडं मेली-विरळ झाली तर २५-३०. २०० शेंगांचं झाड असतं, मी पण पाहिलंय, ते तुटाळीत (आजूबाजूचं उगवलंच नाही तिथं) असतं किंवा धुऱ्याला, म्हणजे बांधाला असतं, चारी बाजूंनी ऊन आणि मोकळी जागा. म्हणून तर चाचणीत प्लॉटच्या कडेच्या ओळी सोडून देतात आणि आतल्याच ओळींचं वजन घेतात.

"कंपनीच्या प्लॉटवर सगळ्यांसमोर वजन केलं." हा मुद्दा लोकांना सगळ्यात जास्त पटतो, डोळ्यांसमोर काटा होता ना. काटा खरा असेलही. पण काट्यावर काय ठेवलं ते बघा. एक चौरस मीटर कापून वजन केलं आणि त्याला ४०४७ नं गुणलं तर १०० ग्रॅमचा फरक एकराला चार क्विंटल होतो. चार! जागा हातभर इकडं-तिकडं निवडली की काम झालं. गुंठाभर कापलं तरी एका किलोचे ४० किलो होतात.

दुसरं म्हणजे ओलावा. १८ टक्के ओलाव्याचे २० क्विंटल, १२ टक्क्यांवर आणले की उरतात १८.६. दीड क्विंटलच्या जवळ नुसतं पाणी. सरकारी खरेदीत १२ टक्क्यांची अट असते, २०२४ ला ओरड झाल्यावर १५ पर्यंत सूट मिळाली होती, म्हणजे हे आपल्याला चांगलं माहीत आहे, आडत्यानं मीटर लावला की आपण भांडतो. मग रीलमधल्या वजनाला ओलावा का नाही विचारत? अमेरिकेत सोयाबीनचं वजन १३ टक्के ओलाव्यावर आणि मक्याचं १५.५ वर आणूनच उतारा लिहितात. मक्यात तर हे फार लागतं, कारण उशिरा येणारा हायब्रीड काढणीला ओलाच असतो, ओल्या वजनात तोच पहिला नंबर मारतो.

आणि तिसरं, शेजारी काय होतं? 'आपलं' वाण वावराच्या मधोमध आणि जुनं जेएस ३३५ बाभळीखाली, असले डेमो मी पाहिलेत. आणि सगळ्यांची सोंगणी एकाच दिवशी. म्हणजे लवकर येणारं वाण आठ-दहा दिवस वाळत उभं, अर्ध्या शेंगा तडकून दाणे जमिनीवर, आणि लांब मुदतीचं अगदी टायमावर कापलं. मग म्हणायचं जुन्याला झडती नाही.

"विद्यापीठाच्या चाचण्या कागदावरच्या." यावर थोडं सविस्तर बोलतो, कारण लोकांना तिथं होतं काय तेच माहीत नसतं. सोयाबीनचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प आहे, इंदूरहून चालतो, अमरावती, परभणी, सांगलीजवळचं कसबे डिग्रज ही आपल्याकडची केंद्रं. नवीन वाण आधी प्राथमिक चाचणीत, मग पुढच्या, साधारण तीन वर्षं, वेगवेगळ्या ठिकाणी. प्रत्येक ठिकाणी एकच वाण तीन-चार वेळा, वेगवेगळ्या जागी, आणि जागा चिठ्ठी टाकल्यासारखी ठरते. सोबत जुनं नावाजलेलं वाण 'चेक' म्हणून असतंच. तीन-चार वेळा कशाला? माझ्याच वावरात नाल्याकडची बाजू दरवर्षी जास्त देते, वाण कोणतंही असो. एकदाच पेरलं तर जिंकलं ते वाण का नाला, कसं कळणार. म्हणून रिपोर्टात शेवटी एक आकडा असतो, त्याच्यापेक्षा कमी फरक असेल तर दोन वाणं सारखीच समजायची. समजा तो आकडा दीड क्विंटल आहे आणि नवीन वाण चेकपेक्षा एकच क्विंटल पुढं आहे, तर पुढं आहे असं म्हणताच येत नाही. हा आकडा मी आजवर एकाही रीलमध्ये पाहिला नाही.

आता मेसेजवाल्याचं जेवढं खरं तेवढं मान्य करू. चाचणीच्या छोट्या प्लॉटचा उतारा शेतकऱ्याच्या वावरात येत नाही, तिथं निंदण-फवारणी वेळेवर, हार्वेस्टरची सांडलवंड नाही. त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा घेऊ नये, चेकच्या किती वर आहे तेवढंच घ्यावं. आणि निकाल मराठीत, मे महिन्यात, गावापर्यंत पोचत नाहीत हे पण खरंय, त्या रिकाम्या जागेतच हे रील घुसतात. शिवाय ट्रूथफुल लेबलवर, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या हमीवर विकली जाणारी कितीतरी 'संशोधित' वाणं या चाचणीत नसतातच. पण मग तो दोष चाचणीचा कसा? चाचणीत न बसलेल्या पोरानं परीक्षेलाच नावं ठेवायची असं झालं.

"अमेरिकेत एकरी ५६ क्विंटल." हा आकडा खोटा नाही. जॉर्जियातल्या अ‍ॅलेक्स हॅरेल नावाच्या शेतकऱ्यानं २०२३ ला एकरी २०६.८ बुशेल काढलं, बुशेल २७.२ किलोचं, म्हणजे ५६ क्विंटलच. पण तो त्या वेळचा विक्रम होता, पाणी, खत, सगळं मोजून दिलेलं. त्यांची देशाची सरासरी ५० बुशेलच्या आसपास, म्हणजे साडेतेरा क्विंटल, आणि पीक उभं राहतं चार-पाच महिने, आपलं ९०-१०० दिवसांत खाली. बरं, त्यांच्याकडं इलिनॉयसारखी विद्यापीठं मका-सोयाबीनची वाणं दरवर्षी स्वतः पेरून, स्वतः कापून निकाल छापतात. फी कंपनी भरते, काटा विद्यापीठाचा. आपल्या मेसेजमध्ये फी पण कंपनीची, काटा पण कंपनीचा आणि मोबाईल पण.

"दुसरं काही पेरू नका." फुले संगमचंच बघा, केडीएस ७२६. कसबे डिग्रजचं वाण, तिकडं कृष्णाकाठाला तांबेरा रोग येतो, त्या भागात ते नावाजलं. आमच्या हलक्या रानात ऑगस्टमध्ये पावसानं दडी मारली की लांब मुदतीच्या वाणाचे दाणे भरतच नाहीत. २०२३ आठवा, ऑगस्ट कोरडा आणि वरून पिवळा मोझॅक रोग. एका वर्षाच्या एका वावरावरून पाच एकर एकाच वाणावर लावायचं म्हणजे जुगार आहे.

पाहायचंच असेल तर घरीच पाहा. दोन वाणं, एकाच दिवशी पेरणी, वावरात तीन जागी आलटून-पालटून पट्टे, टेपनं मोजलेले, धुऱ्याच्या ओळी सोडून. ज्याची सोंगणी आली तेव्हा त्याची करा, सुडी (कापलेल्या पिकाचा ढीग) वेगळी लावा, मळणीयंत्राचा ड्रम दर वेळी झाडून घ्या आणि वजनासोबत ओलावा लिहा. सोयाबीनचं पुढच्या वर्षी घरचंच बियाणं वापरता येतं, उगवण बघून, ७० टक्के तरी पाहिजे. मक्याच्या हायब्रीडचं तसं जमत नाही.

आणि यंदा ज्यांनी ते वाण पेरलंय त्यांनी झडती ग्रुपवर जरूर टाका, पण सोबत तीन गोष्टी लिहा, मोजलेलं क्षेत्र, ओलावा, आणि शेजारी कोणतं वाण होतं. झाड उपटून धरलेला फोटो नको, तो माझ्याकडं सहा वेळा आलाय.