बसमध्ये आईशी मराठीत बोलले, हा माझा गुन्हा

परवापासून डोक्यात नुसती आग आहे, दोन दिवस झाले तरी उतरत नाही, म्हणून लिहायला बसले. मी इथं इंग्लंडात नर्स आहे, नाईट संपवून घरी चालले होते. साडेबारा तासांची नाईट, त्यात पहाटे चारला एक पेशंट सिरीयस झाला, एक आजोबा रात्रभर बेडवरून उतरायला बघत होते, हँडओव्हर देऊन बाहेर पडायला सव्वाआठ वाजले. बसमध्ये वरच्या मजल्यावर जाऊन बसले आणि रोजच्यासारखा आईला फोन लावला. इथले साडेआठ म्हणजे हिवाळ्यात इचलकरंजीत दुपारचे दोन, आई जेवण-भांडी आवरून जरा पडायच्या आधीची वेळ, गेली तीन वर्षं आमची दोघींची हीच वेळ ठरलेली आहे. ती विचारत होती जेवलीस काय, मी सांगत होते आता जाऊन खिचडी टाकते आणि झोपते, मग तिचं शेजारच्या काकूंनी दिलेल्या मुळ्याच्या भाजीचं काहीतरी चाललं होतं. एवढंच बोलणं.

पुढच्या सीटवरची बाई मागं वळली. साठीची असेल. म्हणाली, इथं इंग्लिश बोलतात, तू काय बोलतेस ते आम्हाला काय कळणार?

अगं बाई, तुला कशाला कळायला पाहिजे? माझ्या आईनं मुळ्याची भाजी खाल्ली की नाही यात तुझा काय संबंध? मी तुझ्याशी बोलत होते का? तुला काही विचारलं होतं का?

आणि मी काही मोठ्यानं बोलत नव्हते. रात्रभर जागलेल्या माणसाचा आवाज कधीकधी चढतो आणि त्याला कळत नाही, हे मला मान्य आहे, जरा हळू बोल म्हणाली असती तर सॉरी म्हणून मी लगेच आवाज कमी केला असता. पण दोन सीट सोडून एक पोरगा मोबाईलवर फुटबॉलचे व्हिडिओ स्पीकर ऑन करून बघत बसला होता, अख्ख्या बसला कॉमेंट्री ऐकू येत होती, त्याला कोणी चकार शब्द काढला नाही. त्याची कॉमेंट्री इंग्लिशमध्ये होती ना.

आणि मी काय केलं? मी आईला म्हणाले, 'ओके, आय विल कॉल यू लेटर.' माझ्या आईला! सातवी शिकलेल्या, आयुष्यभर घर आणि मागाच्या कांड्या भरायचं काम केलेल्या बाईला! पलीकडून ती विचारत होती, 'काय म्हणालीस? कळंना मला. कोण हाय तिथं?' आणि मी फोन कट केला. त्या बाईचा राग आहेच, पण त्या कट केलेल्या फोनचा जास्त आहे. घरी येऊन झोप लागली नाही, खिचडीही टाकली नाही.

मला सांगा, रात्रभर मी कोणत्या भाषेत बोलत होते? या नोकरीसाठी ओईटी ही इंग्लिशची परीक्षा दिली, पहिल्यांदा रायटिंगमध्ये राहिले, परत पैसे भरले, परत दिली. पेशंटला कुठं दुखतंय, कसं दुखतंय, रात्री दोन वाजता कुणाच्या मुलीला फोन करून वडिलांना त्रास होतोय, लगेच या, हे कसं सांगायचं, हे सगळं मी यांच्या भाषेत करते. यांच्याच आईबापांसाठी करते. मग बारा तासांनंतर दहा मिनिटं माझ्या आईशी माझ्या भाषेत बोलले तर यांच्या पोटात का दुखतं?

वरून म्हणायचं, बाहेरचे लोक येतात आणि इंग्लिश शिकत नाहीत. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्स मिळून इंग्लिश अजिबात न येणारे लोक निघाले ०.३ टक्के, साधारण १ लाख ६१ हजार, सुमारे ६ कोटी लोकांत. म्हणजे बसमध्ये जे परक्या भाषेत बोलताना दिसतात त्यातल्या जवळजवळ सगळ्यांना थोडंफार तरी इंग्लिश येतं. येतं, पण आईशी, बायकोशी, पोराशी ते ती भाषा बोलत नाहीत, एवढंच. हे कळायला काय अवघड आहे?

२०१४ साली यूकिप पक्षाचे तेव्हाचे नेते नायजेल फराज यांनी पक्षाच्या मेळाव्यात सांगितलं होतं की लंडनमधल्या चेरिंग क्रॉस स्टेशनहून गाडीत बसलो तर ग्रोव्ह पार्क जाईपर्यंत डब्यात इंग्लिश ऐकू आलं नाही, आणि त्यानं अवघडल्यासारखं वाटलं. पुढं एका रेडिओ मुलाखतीत त्यांना विचारलं की तुमची बायको जर्मन आहे, घरी मुलं जर्मन बोलतात, मग त्याचं काय, तर धड उत्तर देता आलं नाही. एवढा मोठा पुढारी स्टेजवर असं बोलतो, मग बसमधल्या बाईला वाटणारच की आपण हक्कानं बोलू शकतो.

मला खरं काय वाटतं सांगू? त्यांना वाटतं आपण त्यांच्याबद्दलच बोलतोय. आमच्या वॉर्डात एक सिस्टर नॉर्थ वेल्सची आहे, तिला हा प्रकार सांगितला तर ती म्हणाली, हे आम्हाला पिढ्यानपिढ्या ऐकवतात. इंग्लिश माणूस वेल्समधल्या पबमध्ये शिरतो आणि घरी येऊन सांगतो, मी आत गेलो आणि मला बघून सगळे मुद्दाम वेल्शमध्ये बोलायला लागले. अरे ते आधीपासूनच वेल्शमध्ये बोलत होते! तुझ्यासाठी कोण कशाला भाषा बदलेल? त्याच वेल्समध्ये एकोणिसाव्या शतकात शाळेत वेल्श बोलणाऱ्या पोरांच्या गळ्यात 'वेल्श नॉट'ची लाकडी पट्टी अडकवायचे, आणि दिवसाच्या शेवटी ती ज्याच्या गळ्यात असेल त्याला मार. लहान लहान पोरं, स्वतःच्या गावात. तेव्हा यांचा हा आजार जुना आहे, तो काही माझ्यामुळं झालेला नाही.

आता मी असंही म्हणणार नाही की कानावर न कळणारी भाषा पडली की काहीच वाटत नाही. वाटतं. मी नवीन होते तेव्हा स्टाफरूममध्ये चार-पाच मल्याळी सिस्टर्स डबे उघडून बसायच्या, गप्पा मारायच्या, खळखळून हसायच्या आणि मी कोपऱ्यात माझी पोळी खात बसायचे. मला वाटायचं माझ्यावरच हसतायत. महिनाभर मी तोंड शिवून बसायचे, घरी येऊन रडायचे. मग एकदा त्यातली एक स्वतःहून उठून आली, माझ्या डब्यात मासळीचं कालवण घातलं आणि सांगायला लागली की हिची सासू फोनवर रोज काय काय विचारते, तेच सांगून हसत होतो. माझं नावही त्यांच्या गप्पांत नव्हतं. मनातला संशय माझा होता, त्यांच्या भाषेनं काही केलं नव्हतं. आणि एकदाही मी त्यांना म्हणाले नाही की माझ्यासमोर तुमच्या भाषेत बोलू नका. म्हणजे जीव घुसमटला तरी माणूस गप्प बसू शकतो. पेशंटसमोर आम्ही सगळ्या इंग्लिशच बोलतो, तो नियम बरोबर आहे, पेशंटला भीती वाटू नये म्हणून आहे. पण डबा खाताना? फोनवर? बसमध्ये?

आमच्या वॉर्डात गेल्या महिन्यात एक पोलिश आजी होत्या. नव्वदीच्या घरातल्या. लहानपणी इथं आल्या, सगळं आयुष्य इथं गेलं, इथंच नोकरी, इथंच नवरा. आता डिमेन्शिया. इंग्लिश सगळं पुसून गेलंय, उरलीय फक्त पोलिश. असं कधीकधी होतं, नंतर शिकलेली भाषा आधी जाते आणि आईची भाषा शेवटपर्यंत टिकते, हे वॉर्डात डोळ्यांनी बघितलंय. त्या जेवायच्याच नाहीत, चमचा तोंडाशी नेला की तोंड फिरवायच्या. आमची एक हेल्थकेअर असिस्टंट पोलंडची आहे, ती शेजारी बसून हळू आवाजात काहीतरी बोलायची आणि आजी एकेक घास घ्यायच्या, लहान मूल घेतं तसा. मीही तिच्याकडून शिकले, वोदा म्हणजे पाणी, बोली म्हणजे दुखतंय. रात्री त्या 'बोली, बोली' करायला लागल्या की मला कळायचं.

आणि शेजारच्या बेडला भेटायला आलेला माणूस काय म्हणाला? इथं इंग्लिश बोलणारं कोणी आहे की नाही? एक म्हातारी बाई दोन घास खातीय आणि याला त्रास भाषेचा! ती पोलिश मुलगी उठून गेली, काही बोलली नाही. नंतर मला म्हणाली, २०१६ पासून मी पोरांशीही बाहेर हळू बोलते. २०१६ म्हणजे ते ब्रेक्झिटचं मतदान, ज्याच्या दुसऱ्याच दिवशी हंटिंग्डनमध्ये पोलिश लोकांच्या घराबाहेर चालते व्हा म्हणून चिठ्ठ्या टाकल्या होत्या, किडे म्हणून.

आणि मला त्या आजींकडं बघून आमचं वळिवडं आठवत होतं. कोल्हापूरजवळचं वळिवडे. १९४३ ते १९४८ तिथं पोलिश निर्वासितांची छावणी होती, सुमारे पाच हजार माणसं, जास्त करून बायका आणि पोरं, रशियानं सैबेरियात नेऊन टाकलेली, तिथून जीव वाचवून आलेली. आमचे आजोबा सांगायचे, त्या गोऱ्या बायका बाजारात मोडक्यातोडक्या मराठीत भाव करायच्या आणि आपापसात त्यांच्या भाषेत बोलायच्या, पोरं तसलंच काहीतरी ओरडत सायकलवरून जायची. आजोबा हे सांगताना हसायचे, कौतुकानं. बिचारी लेकरं, एवढंच म्हणायचे. ती छावणी बंद झाली तेव्हा त्यातले बरेच जण इथंच आले, या इंग्लंडात. मग तिथं फाळणीनंतरचे सिंधी आले, आज त्याला गांधीनगर म्हणतात, लग्नाचा बस्ता बांधायला अख्खा जिल्हा तिथं जातो. दुकानदार आपसात सिंधी बोलतो, गिऱ्हाइकाशी मराठी बोलतो, कुणाचं काय अडलंय?

म्हणून भावावर पण भडकले मी. त्याला हे सगळं सांगितलं तर बाईला शिव्या घातल्या त्यानं, बरोबर, आणि दुसऱ्या दिवशी मलाच एक व्हिडिओ पाठवला, कुठल्यातरी स्टेशनवर दोन पोरांना हिंदीत का बोलता म्हणून धरलंय. खाली लिहिलंय, असंच पाहिजे. इचलकरंजीत मागावर बिहारची, यूपीची, ओडिशाची पोरं बारा-बारा तास उभी असतात, दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सहा जण राहतात, रात्री टपरीवर उभं राहून घरी फोन लावतात. ती आईशी काय मराठीत बोलणार? बँकेत, पोस्टात, दवाखान्यात, रेल्वेच्या खिडकीवर मराठीत बोललंच पाहिजे, महाराष्ट्रात मराठी माणसाला त्याच्या भाषेत उत्तर मिळालंच पाहिजे, यावर मी तसूभर मागं हटणार नाही, ते मागणं माझंही आहे. पण दोन माणसं आपसात काय बोलतात ते त्यांचं आहे. खिडकीवरचा माणूस माझ्याशी बोलत असतो. टपरीवरचा पोरगा त्याच्या आईशी बोलत असतो. या दोन गोष्टी ज्याला वेगळ्या दिसत नाहीत त्यानं मला बसमधल्या बाईचा राग येतो म्हणून सांगू नये. भाऊ म्हणाला, तू तिकडं बसून आम्हाला शिकवू नकोस, आणि बोलणं बंद केलं.

इथल्या आपल्या मराठी लोकांचं तर काय सांगू. ग्रुपवर लिहिलं तर तिघी-चौघींनी उत्तर दिलं की बाहेर असताना इंग्लिशच बोलावं गं, कशाला कुणाच्या डोळ्यात यायचं, आम्ही तर पोरांना पण तेच शिकवलंय. का? आपण काय चोरी करतोय? तुमची पोरं सुट्टीत पुण्याला जाऊन आजीशी दोन वाक्यं बोलू शकत नाहीत, आजी नुसती गालावरून हात फिरवत बसते, ते चालतं, आणि बसमधल्या अनोळखी बाईच्या कपाळाला आठी पडलेली चालत नाही?

काल परत नाईटवरून येताना बसमधून फोन लावला. वरच्याच मजल्यावर, त्याच बाजूला बसले. आईनं उचलला आणि आधी काही बोललीच नाही. मला वाटलं रेंज गेली. मग एकदम बारीक आवाजात, म्हणजे स्वतःच्या घरात, स्वतःच्या सोप्यात बसून, माझी आई मला विचारते, 'कोण हाय काय गं शेजारी? बोलू काय मी?'