म्हणे टेस्ट राइडमधून काही कळत नाही!

रॉयल एन्फील्डची हिमालयन 450 घ्यायची म्हणून चौकशी सुरू केली आणि घरच्या ग्रुपवर मेव्हण्याने तो मेसेज टाकलाच. ‘अ‍ॅडव्हेंचर बाइक घेणाऱ्यांनो सावधान!’ सोबत लाल उद्गारचिन्हांची रांग. चार दिवसांत तोच मेसेज आणखी तिघांकडून आला. त्यात पाच मुद्दे आहेत: दोन्ही पाय सपाट टेकत नसतील तर नादाला लागू नका, दोनशे किलोचं धूड पडलं तर क्रेन लागेल, 21 इंची पुढचं चाक डांबरावर वळत नाही, नव्या इंजिनात दम नाही, जुनीच बरी, आणि टेस्ट राइड म्हणजे शोरूमची धूळफेक, दहा मिनिटांत काय डोंबल कळणार, त्यापेक्षा व्हिडिओ बघा. मी साताऱ्यात ही गाडी चालवून आलोय, तीही दोनदा. तेव्हा पायांपासूनच सुरू करतो.

माझी उंची पाच फूट पाच इंच. गाडीच्या सीटची उंची 825 मिलिमीटर. नुसत्या आकड्यांवर गेलो असतो तर मीही परत फिरलो असतो. पण कागदावरच्या आकड्यात दोन गोष्टी धरलेल्या नसतात. माणूस बसला की सस्पेन्शन दबतं, हे एक. आणि सीट पुढच्या बाजूला अरुंद असेल तर मांड्या कमी फाकतात, पाय सरळ खाली जातो. मी बसलो तेव्हा दोन्ही पायांचे चवडे टेकले, टाचा अधांतरी राहिल्या. जरा पुढे सरकून डावा पाय टेकवला तर तो टाचेसकट टेकला, आणि उजवा मागच्या ब्रेकवर. सिग्नलला थांबायला एवढं पुरतं. 805 मिलिमीटरची बुटकी सीटही मिळते.

मेसेजवाल्याची भीती अगदीच निराधार नाही. पाय कमी पडतो तो सिग्नलला नाही, तर उतारावर गाडी मागे घेताना. म्हणून मी शोरूमबाहेरच्या उतारावर गाडी तोंड खाली करून लावली आणि बसल्या बसल्या मागे ढकलायला गेलो. तसूभर हलली नाही. मग उतरलो, बाजूला उभा राहिलो, सीटला कंबर टेकवली आणि दोन्ही हातांनी हँडल धरून रेटली. आली. पार्किंगची ही परीक्षा कुठल्या व्हिडिओत देता येणार?

वजनाचं म्हणाल तर गाडी 196 किलोची. आधीची 411 सीसीची हिमालयन 199 किलोची होती आणि ती घेऊन लोक लडाखला जाऊन आले, क्रेन न बोलावता. आडवी गाडी हातांनी उपसायची नसते. उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड उघडायचा, गिअर टाकायचा, गाडीकडे पाठ करून बसायचं, हँडल एका बाजूला पूर्ण वळवायचं आणि पायांच्या जोरावर मागे मागे सरकत उभं राहायचं. शोरूमच्या गाडीवर हा प्रयोग अर्थातच केला नाही, फॉर्मवर सही माझी होती.

आता चाकाचा मुद्दा, कारण तिथे मी स्वतःच फसणार होतो. पहिल्या दिवशी समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढायला लागलो तर पहिल्याच वळणाला पुढचं चाक जड वाटलं, हँडल जणू कुणी धरून ठेवलंय. मनात म्हटलं, मेव्हणा जिंकला. परत येताना पंपावर हवा तपासली, तर पुढच्या टायरमध्ये ती पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा कितीतरी कमी. टेस्ट राइडच्या गाडीची हवा कोण रोज बघतंय! भरून घेतली, पुन्हा घाट चढलो, आणि गाडी बदलल्यासारखी वाटली. 21 इंची चाक 17 इंचीइतकं चटकन कलत नाही हे खरंच, मोठ्या चाकाचा तो स्वभाव आहे. पण खड्ड्याच्या कडेवर तेच चाक कमी कोनात चढतं, म्हणून धक्का मनगटापर्यंत पोचत नाही. आपल्या रस्त्यांवर मला कशाची जास्त गरज आहे, हे वेगळं सांगायला नको.

इंजिनाबद्दल अर्धा गुण देतो. जुन्या 411 ची ताकद 24 अश्वशक्तीच्या आसपास, नव्या 452 सीसीची 40. पण नवं इंजिन 40 न्यूटन मीटरचा पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, देतं 5500 आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे), जुनं आपला 32 चा टॉर्क त्याच्या बरंच खाली देऊन मोकळं व्हायचं. त्यामुळे वरच्या गिअरमध्ये रेंगाळत घाट चढायची सवय असेल तर नवी गाडी कुरकुरते. माझी कुरकुरली. एक गिअर खाली टाकला आणि काटा चार हजारांच्या पुढे गेला, की ‘दम नाही’ म्हणणाऱ्याने हेल्मेटची पट्टी घट्ट करावी.

राहिला दहा मिनिटांचा आक्षेप. शोरूमवाला सांगेल त्या सरळ रस्त्यावर जाऊन यू-टर्न मारून आलात, तर खरंच काही कळणार नाही. मग तो रस्ता घेऊ नका. लायसन्स दाखवा, घाटात नेतो म्हणून आधीच सांगा, हवी तर त्यांच्या माणसाला दुसऱ्या गाडीवर सोबत घ्या. साताऱ्यातल्या पोवई नाक्याच्या गर्दीत दुसऱ्या गिअरवर रखडत चला, म्हणजे क्लचने बोटं दुखतात का आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पंख्याची गरम हवा पायावर येते का ते कळेल. मोकळ्या जागी फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभे राहा. हँडलसाठी वाकावं लागलं तर कंबर त्याच दिवशी बोलेल. एका जागी हँडल पूर्ण वळवून गोल फिरवा. एकदा जोरात ब्रेक दाबून बघा. हे सगळं पाऊण तासात होतं, आणि दुपारी गर्दी नसताना गेलात तर पाऊण तास कुणी नाकारत नाही, निदान मला तरी नाकारला नाही.

गाडी मात्र अजून बुक केलेली नाही. दोन्ही वेळा मी एकटाच गेलो होतो, आणि माझा निम्मा प्रवास बायको मागे बसून होतो. शनिवारी तिला घेऊन तिसऱ्यांदा जाणार आहे. तिने फोटो बघूनच विचारलंय की एवढ्या उंच सीटवर चढायचं कुठून. मेव्हणाही म्हणतोय, मी येतो.