माझी पन्नास, काकांच्या पिशवीत

गेल्या शनिवारपासून मी एका पेन्शनर गृहस्थांवर चिडून आहे आणि ते मला रोज सकाळी सात वाजता सुप्रभात पाठवतात.

फिल्मचा कॅमेरा आता कशाला, हे विचारू नका. घरच्यांचं विचारून झालंय. हवा होता. तीन महिने अभ्यास केला. एक जण म्हणाला, रशियन झेनिट घे, हेलिओस लेन्सने मागची झाडं भोवऱ्यासारखी फिरतात. मला झाडं उभीच हवी होती. कॅनन एई-वन देखणा, पण बॅटरी संपली की शटरच पडत नाही. शेवटी पेंटॅक्स के-१००० वर जीव जडला. १९७६ ते १९९७ एवढी वर्षं जवळजवळ तसाच्या तसा निघत राहिला. सगळा यांत्रिक, बॅटरी लागते ती फक्त प्रकाश मोजणाऱ्या काट्याला. आणि सोबत ५० एमएमची लेन्स. एरवी एकमेकांच्या उरावर बसणारी ही कॅमेरावाली मंडळी एका गोष्टीवर एकमत होती: नवशिक्याने पन्नास घ्यावी आणि वर्षभर दुसरीचं नाव काढू नये.

असा कॅमेरा सापडला ठाण्याच्या नौपाड्यात, गोखले रोडच्या आतल्या गल्लीत, एका फोटो स्टुडिओच्या कपाटात, लॅमिनेशनच्या गठ्ठ्यामागे. मालकाच्या वडिलांचा. पन्नास एफ-२ लावलेलीच होती (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त आत येतो). भाव ठरला. पैसे पाठवायला फोन काढला, तेवढ्यात मागून आवाज आला, "बघू."

काका पासपोर्ट फोटोसाठी आले होते. अंगात स्टुडिओचा काळा कोट, खाली घरची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, हातात मेथीची जुडी डोकावणारी पिशवी. फोटो काढून झाला होता, पण कोट उतरवायचं त्यांच्या मनात दिसत नव्हतं. कोटामुळे त्यांना एक अधिकार आला होता.

"काय काढणार यानं?"

"माणसं. तलावपाळीवरची वगैरे."

"मग पन्नास काय कामाची? पन्नास म्हणजे डोळ्याला दिसतं तेवढंच. तेवढं दिसतंच की! त्याला पैसे कशाला घालायचे?"

याला उत्तर असणार. मला ते मंगळवारी आंघोळ करताना सुचलं.

"लांबचं काढायचं असलं तर?"

"जवळ जाईन, काका."

"बिबट्या असला तर?"

"तलावपाळीवर?"

"येऊरचं जंगल काय लांब आहे? २०१९ला मॉलमध्ये शिरला होता की नाही?"

शिरला होता, हे खरंच. ठाण्यात राहणाऱ्या कुणालाही ते नाकारता येत नाही. पण त्या बिबट्याला टिपलं होतं ते सीसीटीव्हीने, हे मी म्हणेपर्यंत मालकाने, ज्याला मी तोवर सज्जन समजत होते, कपाटातून एक लांबलचक झूम काढून काउंटरवर ठेवली होती. ८०-२००, एफ-४.५. दिसायला थर्मास.

काकांनी ती हातात तोलली. वजन पटलं. "ही घे. काच आहे काच!" मग पन्नास कॅमेऱ्यावरून काढली, मोबाइलचा टॉर्च तिच्यात मारला आणि जवाहिऱ्यासारखा एक डोळा मिटून पाच मिनिटं आत बघत राहिले. "ठाण्याचे एवढे पावसाळे कपाटात काढले आणि बुरशीचा एक धागा नाही. नशीबवान लेन्स आहे." मी खूश झाले. माझ्याच लेन्सचं कौतुक चाललंय असं मला वाटत होतं.

"घरी माझा रिको कॅमेरा पडलाय. हेच माउंट, लेन्स बसायची खाच हीच. ही मी घेतो, तुझा तेवढाच खर्च वाचला."

आणि पन्नास मेथीत गेली. झाकणासकट.

मला राग काकांचा किती आणि माझा किती, हे अजून ठरत नाही. मी चौतीस वर्षांची आहे. घराचे हप्ते भरते. ऑफिसात व्हेंडरचा दर घासाघीस करून खाली आणते. पण कुणी काका "अगं, ऐक माझं" म्हणाले की मी दहावीतली होते आणि मान डोलावते. माझ्या जागी माझा भाऊ असता तर काकांनी त्याला बिबट्याची भीती घातली असती का? नसती. लेन्सवर दोघांची चर्चा झाली असती, समोर चहा आला असता. मला चहासुद्धा मिळाला नाही. वर काकांनी "अडचण आली तर विचार" म्हणून नंबर घेतला.

घरी येऊन आईला ओट्याशी उभं केलं. ही झूम १.६ मीटरच्या आत फोकस होत नाही. आमचं वन बीएचके, स्वयंपाकघरात १.६ मीटर मिळवायचे तर फ्रिज विकावा लागेल. मागे सरकत सरकत मी दाराबाहेर, लिफ्टपाशी पोचले. तिथून आईचं एक नाक आणि कुकरची शिट्टी नीट दिसली. शेजारच्या काकू बाहेर आल्या, नळीकडे बघितलं आणि काही न बोलता दार लावून घेतलं.

तेही चाललं असतं, पण उजेड? एफ-२ च्या जेमतेम पाचवा हिस्सा प्रकाश ही लेन्स आत घेते. २०० वर ताणली की हात हलू नये म्हणून शटर निदान १/२५० सेकंदाचं हवं; २०० एएसएचा (एएसए म्हणजे फिल्मची उजेड टिपायची ताकद) रोल घालून आमच्या ट्यूबलाइटखाली काटा १/८ सेकंदाला जागेवर येतो. रोलमध्ये ३६ फोटो. त्यातले अकरा आईच्या भुताचे निघणार.

आणि ते झाकण! या कॅमेऱ्याच्या मीटरला बंद करायचं बटणच नाही; लेन्सवर झाकण घालून आत अंधार केला की काटा झोपतो. झूमला झाकण आलंच नव्हतं. सध्या रात्री तिला बाबांचा तपकिरी पायमोजा घालते. धुतलेला आहे, असं बाबांचं म्हणणं आहे.

आज सकाळच्या सुप्रभातबरोबर फोटोही होता. शोकेसमध्ये, क्रोशाच्या रुमालावर, सिरॅमिकच्या दोन बदकांच्या मधोमध माझी पन्नास. खाली काकांनी लिहिलं होतं: "रिको माळ्यावर आहे. दिवाळीच्या साफसफाईत काढू."