प्लेटलेटमधील प्रथिने आणि स्तनाचा कर्करोग : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्लेटलेटमधील प्रथिनांवरून स्तनाच्या कर्करोगाचा माग लागू शकेल, या माझ्या लेखावर आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. आपले तीन आक्षेप आहेत: रक्त गोठवणाऱ्या पेशींचा, म्हणजे प्लेटलेटचा, स्तनाच्या कर्करोगाशी संबंध जोडणे ओढूनताणून आहे, त्यांतील प्रथिने साध्या जखमेनेही बदलतात, आणि असे काही वाचून स्त्रिया मॅमोग्राफी (स्तनांची क्ष-किरण तपासणी) टाळतील. तिसरा आक्षेप मला निमूटपणे मान्य आहे. ‘रक्ताच्या थेंबात निदान’ हे लेखाचे शीर्षक उतावळेपणाचे होते आणि ते मी बदलले आहे.

पहिला आक्षेप मात्र मान्य नाही. प्लेटलेटला केंद्रक नसते आणि तिचे आयुष्य जेमतेम सात ते दहा दिवसांचे असते, पण म्हणून ती निव्वळ बूच नव्हे. तिच्या आतल्या अल्फा कणांमध्ये नव्या रक्तवाहिन्यांना चालना देणारे व्हीईजीएफ हे प्रथिन असते आणि त्यांना आवर घालणारे थ्रॉम्बोस्पॉन्डिनही असते. गाठीला काही मिलिमीटरच्या पुढे वाढायचे तर स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात, हे अमेरिकी शल्यचिकित्सक ज्युडा फोकमन यांनी 1971 मध्ये मांडले. त्यांच्याच गटाने 2009 मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की, प्लेटलेट अशी प्रथिने वेचून आपल्यात साठवतात आणि प्लाझ्मामधील (रक्तातल्या पेशी वगळून उरणाऱ्या द्रवातील) पातळी फारशी हलली नसतानाही हा साठा वाढलेला असतो. प्लेटलेटकडे संशोधक वळले ते या साठवणुकीमुळे. (कर्करोग आणि रक्ताच्या गुठळ्या यांचे नाते तर फ्रेंच वैद्य त्रूसो यांनी 1865 मध्येच नोंदवले होते.)

दुसऱ्या आक्षेपात आपण म्हणता त्याहून अडचण मोठी आहे, कारण प्लेटलेट बिथरायला जखमही लागत नाही, रक्त काढण्याची रीत पुरते. दंडाला पट्टा जास्त वेळ आवळून ठेवला, सुई बारीक होती, नळी फ्रिजमध्ये ठेवली किंवा रक्त फिरवून त्याचे घटक वेगळे करणाऱ्या सेंट्रिफ्यूजचा वेग बदलला, तर त्या आपला ऐवज नळीतच सांडू लागतात. सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तातून सुटणारा द्रव, तयार करताना रक्त गोठू द्यावे लागते आणि गोठताना प्लेटलेट रिकाम्या होतात. म्हणून एकाच व्यक्तीच्या सीरममध्ये व्हीईजीएफ प्लाझ्मापेक्षा कितीतरी जास्त सापडते. ज्यांनी सीरम मोजून गाठीचा अंदाज बांधला, त्यांनी बऱ्याच अंशी प्लेटलेटच मोजल्या. रुग्णांचे रक्त एका ठिकाणी आणि निरोगी स्त्रियांचे दुसऱ्या ठिकाणी घेतले, तर दिसणारा फरक रोगाचा की नळीचा, हे कसे ठरवणार? अंडाशयाच्या कर्करोगासाठी 2002 मध्ये गाजलेला रक्तातील प्रथिनांचा आकृतिबंध पुढे टिकला नाही, त्यामागे नमुने हाताळण्यातले आणि यंत्रावरच्या मोजणीतले असेच प्रश्न होते. त्यात प्लेटलेटना थोपवणारे अ‍ॅस्पिरिन घेणारी स्त्री आली की हिशेब आणखी बिघडतो.

आता चाचणीचे गणित. समजा, तपासलेल्या 1000 स्त्रियांपैकी 5 जणींना हा रोग आहे आणि चाचणी 90 टक्के रोगी व 90 टक्के निरोगी बरोबर ओळखते. ऐकायला हे उत्तम वाटते. प्रत्यक्षात त्या पाचांपैकी चार-पाच सापडतील आणि उरलेल्या 995 पैकी सुमारे 100 जणींना विनाकारण धास्ती बसेल. माझ्या लेखात हे गणित नव्हते, ही चूक शीर्षकापेक्षा मोठी होती.

म्हणून माझे मत असे की, सरसकट तपासणीऐवजी एकाच स्त्रीच्या उपचारांदरम्यान, एकाच रीतीने काढलेल्या रक्तात हा साठा कसा बदलतो, हे पाहणे अधिक फलदायी ठरेल; तिथे तिची तुलना तिच्याशीच होते. टॅमॉक्सिफेन या स्तनाच्या कर्करोगावरील औषधाचा प्लेटलेटवर स्वतंत्र परिणाम होतो, तो मात्र तिथेही वेगळा काढावा लागेल.

लेखात ‘निदान’ हा शब्द होता तिथे आता ‘संकेत’ केला आहे. एका वाक्यात तो तसाच ठेवला आहे, कारण ते वाक्य बायॉप्सीबद्दल, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासण्याबद्दल, आहे.