दिवाळीसाठी पडदे घेताना: आधी खिडकी, मग कापड, रंग शेवटी

दसरा आठ-पंधरा दिवसांवर आला की घरोघरी माळे रिकामे होऊ लागतात, पंख्यांची पाती पुसली जातात, आणि यंदा घराला रंग देणे जमणार नसेल तर निदान पडदे तरी नवे घ्यावेत, असे ठरते. हा विचार मला मनापासून पटतो, कारण कमी खर्चात आणि भिंतीला हात न लावता खोलीचे रूप पालटायचे असेल तर पडद्यासारखा दुसरा उपाय नाही. माझा आक्षेप आहे तो निवडीच्या क्रमाला. बहुतेक घरांत आधी सोफ्याला जुळणारा रंग ठरतो, मग तो रंग मिळेल त्या कापडात घेतला जातो आणि खिडकीचा विचार थेट पडदा टांगताना होतो. हा क्रम उलटा हवा, असे मी आग्रहाने सांगतो, कारण पडदा आपण दिवाळीत विकत घेतो, पण त्याची परीक्षा चैत्र-वैशाखात होते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि पश्चिमेच्या बराच डावीकडे, म्हणजे नैर्ऋत्येच्या बाजूला मावळतो. मे-जूनमध्ये तोच सूर्य पश्चिमेच्या उजवीकडे, वायव्येच्या बाजूला जाऊन मावळतो. त्यामुळे उत्तरेकडे तोंड असलेल्या ज्या खिडकीत दिवाळीच्या दिवसांत उन्हाचा कवडसाही पडत नाही, तिथे उन्हाळ्यात संध्याकाळी तिरपे ऊन थेट पलंगापर्यंत येते. दक्षिणेच्या खिडकीचे याच्या नेमके उलट असते. थंडीत तिच्यातून ऊन खोलवर आत येते आणि ते हवेहवेसे असते, तर मे महिन्यात दुपारचा सूर्य आपल्याकडे जवळजवळ डोक्यावर असल्याने छोटासा छज्जाही तिला पुरतो. म्हणून एकाच घरातल्या सगळ्या खिडक्यांना एकाच ताग्यातले पडदे लावण्याची पद्धत मला चुकीची वाटते. दक्षिणेला सहज बाजूला सरणारा हलका सुती पडदा पुरेसा आहे. पश्चिमेला मात्र दाट विणीचे कापड आणि त्यामागे पांढरे किंवा फिकट अस्तर हवेच.

अस्तराबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण शिलाईचे पैसे वाचवताना पहिली कात्री त्यालाच लागते. काचेतून आत आलेले ऊन गडद पडदा शोषून घेतो, स्वतः तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो. काचेकडच्या बाजूला फिकट अस्तर असेल तर त्या उजेडाचा बराच भाग काचेतून परत बाहेर जातो. शिवाय उन्हाचा मारा अस्तर झेलते, त्यामुळे मुख्य कापडाचा रंग आणि बळ टिकते. तरीही आतला पडदा कितीही चांगला असला तरी ऊन काच ओलांडून आलेलेच असते. ते बाहेरच अडवणारी बांबूची चिक किंवा विदर्भात लावतात तशी वाळ्याची ताटी उष्णतेच्या बाबतीत कोणत्याही पडद्यापेक्षा सरस ठरते. नागपूर-अकोल्याकडच्या मंडळींना हे सांगण्याची गरज नाही. पण पुण्या-मुंबईच्या नव्या इमारतींत भिंतभर काच आली आणि बाहेर काही लावायला सोसायटीची परवानगी नाही, अशा ठिकाणी सगळी भिस्त पडद्यावर येते.

आता कापड. बाजारात आज जे तयार पडदे दिसतात त्यांत पॉलिस्टरचा वाटा फार मोठा आहे आणि त्याला सबळ कारणे आहेत: ते आटत नाही, चुरगळत नाही, लवकर वाळते आणि स्वस्तही पडते. मुंबईच्या दमट हवेत किंवा रहदारीच्या रस्त्याला लागून असलेल्या तळमजल्यावर, जिथे महिन्या-दीड महिन्याने पडदे धुवावे लागतात, तिथे पॉलिस्टर किंवा सूत-पॉलिस्टरचे मिश्रण घेणाऱ्याला मी दोष देणार नाही. कोकणात तर अस्तर लावलेला जाड सुती पडदा पावसाळाभर टांगून ठेवला की त्यावर बुरशीचे काळे ठिपके हमखास उठतात. तो मृग लागण्यापूर्वी धुऊन, कडकडीत वाळवून कपाटात ठेवावा आणि चार महिने साध्या पातळ पडद्यावर भागवावे. मात्र पुणे, सातारा, नाशिक, मराठवाडा, विदर्भ अशा कोरड्या हवेच्या भागांत राहणाऱ्यांनी सुती कापड सोडून सुळसुळीत, चकाकणाऱ्या पडद्याकडे वळावे, याचे मला मनापासून वाईट वाटते. सुती पडद्यातून झिरपणारा उजेड मऊ असतो, चुण्या जडपणे सरळ खाली उतरतात आणि दर धुण्याबरोबर कापड अधिक मोकळे होत जाते.

दुकानात गेल्यावर नमुन्यांच्या वहीतला वीतभर तुकडा पाहून निर्णय घेऊ नये. तागा उलगडायला सांगावा, कापडाचे टोक मुठीत घट्ट दाबून सोडावे आणि किती सुरकुत्या राहतात ते पाहावे, मग ते दोन हातांत आडवे धरून दाराशी जावे आणि उजेडासमोर करावे. विरळ वीण तिथे लगेच उघडी पडते. ताणा आणि बाणा यांमधली भोके दिसू लागतात आणि दुकानातल्या दिव्याखाली भरगच्च वाटलेले कापड प्रत्यक्षात खळ लावून उभे केलेले आहे, हे कळते. सुती म्हणून दाखवलेले कापड खरोखर सुती आहे का, याची शंका असेल तर नमुन्यातला एक धागा घरी आणून चिमट्यात धरून जाळून पाहावा. सूत कागदासारखा वास देत जळते आणि मागे भुरभुरीत राख राहते. पॉलिस्टर वितळून आक्रसते आणि टोकाला कडक गोळी धरते.

हातमागाचे कापड घ्यायचे असेल तर कोणते गाव कशासाठी ओळखले जाते, हे ठाऊक असलेले बरे. आपले सोलापूर चादरीसाठी आणि टॉवेलसाठी नावाजलेले आहे आणि या दोहोंना भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी ही यंत्रमागांची गावे. पडद्याच्या आणि गाद्या-गिरद्यांच्या हातमाग कापडासाठी मात्र केरळातल्या कण्णूरचे नाव घ्यावे लागते. तिथल्या गृहवस्त्रांनाही भौगोलिक मानांकन आहे. सूत आधी रंगवून मग विणलेले असल्यामुळे या कापडाची रेघ किंवा चौकडी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, आणि खिडकीच्या पडद्याला हा गुण फार महत्त्वाचा आहे, कारण त्याची पाठ साऱ्या गल्लीला दिसत असते. छापील कापडाला ते साधत नाही. हातमागाची खूण म्हणून सरकारने 2006 साली सुरू केलेले ‘हँडलूम मार्क’चे लेबल पाहून घ्यावे. खादी भांडारांत गांधीजयंतीच्या सुमारास सवलत सुरू होते आणि ती नेमकी दिवाळीच्या खरेदीच्या तोंडावर येते. तिथली जाड खादी बैठकीच्या खोलीला जी शांत भारदस्तता देते, ती मला दुसऱ्या कोणत्याही कापडात आढळलेली नाही. खादी आणि सुती हातमाग कापड शिवायला टाकण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावे, नाहीतर पहिल्याच धुण्यात पडदा बोट-दोन बोटे वर चढतो.

मापाच्या बाबतीत तयार पडद्यांनी आपली सवय बिघडवली आहे. ते पाच, सात आणि नऊ फूट लांबीत मिळतात आणि आपण खिडकीला साजेल ते माप न घेता, त्यातल्या त्यात जवळचे माप उचलतो. मग सात फुटी पडदा जमिनीपासून वीतभर वर लटकत राहतो आणि खोली उगीच बुटकी दिसते. हिशोब अवघड नाही. खिडकी पाच फूट रुंद असेल तर रॉड दोन्ही बाजूंना सात-आठ इंच पुढे काढावा, म्हणजे पडदा उघडल्यावर काच पूर्ण मोकळी राहते आणि हवा अडत नाही. झाली रुंदी साधारण 75 इंच. चुण्या नीट पडायला कापड त्याच्या जवळपास दुप्पट लागते, म्हणजे 48 इंच पन्ह्याच्या कापडाचे तीन तुकडे, एकेका बाजूला दीड-दीड. रॉडपासून जमिनीच्या जरा वरपर्यंत उंची 84 इंच असेल, तर वरची दुमड आणि खालची पट्टी यांसाठी 12 इंच धरून प्रत्येक तुकडा 96 इंचांचा, म्हणजे तिन्ही मिळून सव्वासात मीटरांच्या थोडे वर. सुती कापड आटण्याचा भाग धरला की पावणेआठ मीटर घ्यावे. मोठी नक्षी असेल तर ती जुळवण्यासाठी आणखी थोडे लागेल. कापड वाचवण्यासाठी चुण्या कमी करू नयेत. महाग कापड ताणून लावण्यापेक्षा साधे कापड भरपूर चुण्यांनी लावलेले कितीतरी देखणे दिसते.

स्वयंपाकघराबद्दल माझे मत आणखी ठाम आहे. पूर्वी चाळींत आणि सरकारी क्वार्टर्समध्ये खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागावर स्प्रिंगच्या तारेवर ओवलेला अर्धा पडदा असे. बाहेरून आतले दिसत नसे आणि वरून हवा खेळत राही. गॅसजवळच्या खिडकीला आजही त्याहून योग्य काही नाही आणि तिथे लांब पडदा तर असूच नये. पातळ, पारदर्शक पडदा घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: दिवसा बाहेर उजेड जास्त असतो म्हणून तो आतले झाकतो, पण रात्री घरात दिवा लागला की सगळे उलटे होते आणि आतला माणूस बाहेरच्याला स्पष्ट दिसतो. झोपण्याच्या खोलीत त्याच्या जोडीला दुसरा दाट पडदा हवाच.

रंगाचे मी थोडक्यात सांगतो. अर्धा मीटर कापड नमुना म्हणून विकत आणून ते दोन दिवस खिडकीला टाचून ठेवावे, सकाळच्या उजेडात पाहावे आणि रात्री घरच्या दिव्याखालीही पाहावे. पश्चिमेच्या खिडकीला गडद तांबडा किंवा निळा रंग घेऊ नये, कारण तो सर्वांत आधी विटलेला दिसतो. बाकी रंग ज्याच्या त्याच्या आवडीवर सोडावा. घरात राहणाऱ्यांना तो रोज पाहायचा आहे.

दिवाळीच्या संध्याकाळी खिडकीत पणत्या मांडल्या जातात, कठड्यावर आकाशकंदील झुलतो आणि वाऱ्याच्या एका झुळकीने पडदा त्यांच्यावर जाऊ शकतो. सुती कापड भरभर पेटते. पॉलिस्टर वितळून ठिबकते आणि अंगाला चिकटले तर खोल भाजते. त्या चार-पाच संध्याकाळी पडदे गुंडाळून वर बांधून ठेवावेत किंवा पणत्या खिडकीऐवजी उंबऱ्याशी मांडाव्यात. शिंप्याकडून पडद्यांबरोबर त्याच कापडाचे रुंद बंद शिवून घेतले तर हे काम सोपे होते, आणि उरलेल्या कापडात ते सहज निघतात.

शेवटी वेळेबद्दल. नवरात्र बसले की शिंपी ब्लाउज आणि कपड्यांच्या गर्दीत बुडून जातात आणि पडद्यांचे काम दिवाळीनंतर घेऊ, असे सांगतात. पितृपक्षात खरेदी करू नये असे मानणारी घरे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या श्रद्धेचा मी मान राखतो, पण माप घ्यायला, खिडकीतले ऊन पाहायला आणि शिंप्याशी बोलून दिवस ठरवून ठेवायला कोणाचीच हरकत नसावी. घटस्थापनेच्या आसपास कापड त्याच्या हातात पडले, तर वसुबारसेच्या आधी पडदे टांगून होतात आणि दुमड कमी-जास्त करायची असली तरी त्याला सवड मिळते. त्याला खालची पट्टी चार इंचांची ठेवायला आणि वरची टीप दुहेरी घालायला आवर्जून सांगा. कापड आटले तर तीच पट्टी उसवून पडदा पुन्हा जमिनीपर्यंत आणता येतो.